जांभा, काळी माती आणि गॅमा किरण: मातीच्या केमिस्ट्रीचा परिणाम मोजायचा कसा

दरवर्षी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टची गडबड सुरू झाली की दोन-तीन मुलं तरी हाच विषय घेऊन येतात. वेगवेगळ्या तालुक्यांतली माती आणायची, सोर्स (गॅमा किरण सोडणारा किरणोत्सारी पदार्थ) आणि डिटेक्टरच्या मध्ये ठेवायची आणि कुठली माती गॅमा किरण जास्त अडवते ते बघायचं. विषय चांगला आहे, खर्च कमी, माती तर फुकटच. पण बहुतेक रिपोर्टांत शेवटी तेच वाक्य असतं, जांभ्या मातीत लोह जास्त म्हणून तिचं अटेन्युएशन, म्हणजे किरण अडवणं, जास्त, आणि टेबलात बघावं तर सीझियम-१३७ च्या किरणांना जांभ्याचा म्यू बाय रो (एका ग्रॅममागे किरण किती अडतात तो आकडा) वाळूपेक्षा किंचित कमीच आलेला. वाक्य पाठ होतं म्हणून लिहिलं, आकडा मशीनने दिला म्हणून छापला, दोघांची गाठ कोणी घालूनच दिली नाही.

मी हसत नाहीये, माझ्या स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये मी हेच केलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी टेबलावर बोट ठेवून विचारलं, "लोह जास्त, मग हा आकडा खाली कसा काय?" आणि मी तोंड उघडं ठेवून उभा. त्या प्रश्नाचं उत्तर कळलं की हा विषय अर्धा कळला, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आधी एनर्जी ठरवा, माती नंतर

गॅमा किंवा एक्स-रे फोटॉन मातीत शिरला की त्याचं मुख्यतः दोन प्रकारे काहीतरी होतं. एक म्हणजे फोटोइलेक्ट्रिक, अणू तो फोटॉन अख्खा गिळून टाकतो. दुसरं कॉम्प्टन, इलेक्ट्रॉनला धडकून फोटॉन दिशा बदलतो आणि थोडी एनर्जी घालवून पुढे जातो. तिसरं पेअर प्रॉडक्शन (फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होणं) १.०२२ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, हे एनर्जीचं एकक; त्याचा हजारावा भाग म्हणजे केईव्ही) वरच सुरू होतं, आपल्या कामात ते सोडून द्या.

फोटोइलेक्ट्रिकला अणुक्रमांक भयंकर आवडतो, एका अणूमागे साधारण अणुक्रमांकाच्या चौथ्या-पाचव्या घाताने वाढतं, आणि एनर्जी वाढली की साधारण एनर्जीच्या तिसऱ्या घाताने कोसळतं. कॉम्प्टनला मात्र तो इलेक्ट्रॉन कोणाच्या घरचा आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, एका ग्रॅममध्ये एकूण इलेक्ट्रॉन किती एवढंच त्याला कळतं. आणि गंमत अशी की एका ग्रॅममधले इलेक्ट्रॉन जवळपास सगळ्यांचे सारखेच असतात. अणुक्रमांक भागिले अणुभार काढून बघा, ऑक्सिजन ०.५, सिलिकॉन ०.४९९, कॅल्शियम ०.४९९, अॅल्युमिनियम ०.४८२, आणि लोह? ०.४६६. म्हणजे कॉम्प्टनच्या राज्यात लोखंड एका ग्रॅममागे ऑक्सिजनपेक्षा थोडं कमीच अडवतं. परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

आता आकडे बघा, सगळे म्यू बाय रो, म्हणजे मास अटेन्युएशन कोएफिशियंट, सेंटिमीटर वर्ग प्रति ग्रॅममध्ये. ६० केईव्हीला ऑक्सिजन ०.१९१, अॅल्युमिनियम ०.२७८, सिलिकॉन ०.३२१, कॅल्शियम ०.६५८, टायटेनियम ०.७६६, लोह १.२०५. ६६२ केईव्हीला हेच सगळे ०.०७२ ते ०.०७८ च्या मध्ये कोंबलेले. ६६२ वरून ६० ला आलं की ऑक्सिजन अडीचपट होतो आणि लोह सोळापट.

तेव्हा मातीच्या रासायनिक घटकांचा परिणाम दाखवायचा असेल तर अमेरिशियम-२४१ वापरा, त्याचा पीक, म्हणजे डिटेक्टरच्या एनर्जी-आलेखातला उंचवटा, ५९.५ केईव्हीला येतो. बेरियम-१३३ चा ८१ केईव्हीवाला पीकही चालतो. सीझियम-१३७ चा ६६२ आणि कोबाल्ट-६० चे ११७३ आणि १३३२ हे घनता आणि ओलावा मोजायला उत्तम, केमिस्ट्रीसाठी जवळपास आंधळे. रस्त्याच्या कामावर मुरूम नीट दाबला गेलाय का ते बघायला न्यूक्लिअर डेन्सिटी गेज वापरतात ना, त्यात सीझियम-१३७ असतो तो याच आंधळेपणासाठी, माती कुठलीही असो घनता कळावी म्हणून. त्यामुळे लॅबमध्ये फक्त सीझियमच असेल तर विषयच बदला, ओलाव्यावर करा. मी मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगतो, अर्धे नाराज होतात.

माती आणताना आणि वाळवताना

एकमेकींपासून लांबच्या तीन माती घ्या, सात-आठ सारख्याच काळ्या माती गोळा करून काही निष्पन्न होत नाही. एक नदीची वाळू, तीत बरीचशी सिलिका. एक मराठवाडा-विदर्भाकडची काळी, ती बेसॉल्टपासून बनलेली, त्यामुळे लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळंच थोडं थोडं, वर चुनखडीचे खडे. आणि एक कोकणातला किंवा गोव्यातला जांभा. पावसाने सिलिका आणि चुना धुऊन नेला आणि मागे लोह नि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं राहिली म्हणून तो तसा लाल. त्याचं लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली केरळातल्या अंगाडीपुरमचा दगड बघून ठेवलं, लॅटिनमध्ये विटेला 'लेटर' म्हणतात म्हणून. आपल्याकडे चिरे काढतात तोच हा. कोकणात जायला जमत नसेल तर पाचगणीच्या टेबललँडचा माथाही जांभ्याचाच आहे.

वरचा पालापाचोळा काढून साधारण वीतभर खोलीवरची माती घ्या. घरी आणून पेपरवर पसरा, ढेकळं लाकडी मोगरीने फोडा, लोखंडी खलबत्ता नको, लोहच मोजतोय आपण. २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा. मग ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, परत ढीग, परत चार भाग, असं करत पाव-अर्धा किलोपर्यंत या. मात्र याच मातीने सीझियमवर मोजायचं असेल तर तीन-चार किलो राखून ठेवा, का ते पुढे कळेल. नुसती वरवरची मूठभर माती उचलली तर बारीक पोयटा खाली राहतो आणि जाड कण हातात येतात, आणि लोह तर बारीक कणांतच जास्त.

चुनखडीचे खडे चाळणीवर राहतात ते फेकू नका, वजन करून ठेवा. ते काढून टाकले तर तुमची काळी माती आणि शेतातली काळी माती वेगळी झाली, कॅल्शियम गेलं की ६० केईव्हीला आकडा खाली येणार.

वाळवायचं ओव्हनमध्ये १०५ अंशांवर, २४ तास. इथे काळ्या मातीचा स्वभाव सांभाळा. ही माती ओव्हनमधून काढली की हवेतला ओलावा पिते आणि पावसाळ्यात तर विचारू नका. एकदा जुलैमध्ये आम्ही ५० ग्रॅम वाळलेली माती तागडीवर ठेवली आणि चहा घेऊन आलो तर ५०.४, डोळ्यांसमोर शेवटचा आकडा हळूहळू वर सरकत होता. सोबतच्या विद्यार्थिनीला वाटलं बॅलन्स बिघडलाय. बिघडलं काही नव्हतं, चिकणमातीचे पदर पाणी ओढत होते. तेव्हा ओव्हनमधून थेट डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं), तिथून थेट डब्यात, आणि डबा बंद. वाळू कशीही ठेवा, तिला फरक पडत नाही.

मातीत काय आहे ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका

कृषी खात्याच्या माती परीक्षणाचं कार्ड इथे चालत नाही. त्यावर पिकाला मिळणारं नत्र, स्फुरद, पालाश, सामू असतं. आपल्याला एकूण सिलिका किती, एकूण लोह किती हे हवं आणि त्यासाठी एक्सआरएफ, म्हणजे एक्स-रे फ्लुओरेसन्सची तपासणी, लागतं. जिऑलॉजी डिपार्टमेंट किंवा सिमेंट कारखान्याच्या लॅबकडे ते बहुतेक असतं, तिथे ओळख काढा. पावडर बारीक दळून पेलेट करून देतात, रिपोर्ट ऑक्साइडांत येतो.

सोबत लॉस ऑन इग्निशन मागायचंच मागायचं, म्हणजे माती हजार अंशांच्या आसपास तापवल्यावर किती वजन उडून गेलं. हे मुलं हमखास विसरतात आणि मग ऑक्साइडांची बेरीज ८८-९० टक्क्यांवर अडकते, आणि ती ताणून १०० करतात. उरलेले दहा-बारा टक्के म्हणजे चिकणमातीच्या आतलं बांधलेलं पाणी, सेंद्रिय कर्ब आणि चुनखडीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड, १०५ अंशांना यातलं काही हलत नाही. जांभ्यात ते बहुतेक पाणी धरलं तरी चालतं. चुनखडीवाल्या मातीत कार्बन डायऑक्साइड वेगळा काढावा लागतो.

हिशोब: मिश्रणाचा नियम

नियम सोपा, प्रत्येक घटकाचा वजनी वाटा गुणिले त्याचा म्यू बाय रो, सगळ्यांची बेरीज. ऑक्साइडांचे आकडे मी ६० केईव्हीला काढून ठेवलेत: सिलिका ०.२५१, अॅल्युमिना ०.२३७, फेरिक ऑक्साइड ०.९००, चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड ०.५२५, मॅग्नेशियम ऑक्साइड ०.२३१, टायटेनियम डायऑक्साइड ०.५३६, पाणी ०.२०६.

आता समजा, फक्त उदाहरण म्हणून, जांभ्यात सिलिका २०, अॅल्युमिना २८, फेरिक ऑक्साइड ४०, टायटेनियम डायऑक्साइड २ आणि पाणी १० टक्के आहे. मांडा: ०.०५०, ०.०६६, ०.३६०, ०.०११, ०.०२१. बेरीज ०.५०८. म्हणजे वजनाने ४० टक्के असलेलं फेरिक ऑक्साइड एकटं अटेन्युएशनचा ७० टक्के वाटा उचलतंय.

काळीत सिलिका ५२, अॅल्युमिना १६, फेरिक ऑक्साइड ११, चुना ६, मॅग्नेशियम ऑक्साइड ४, टायटेनियम डायऑक्साइड २, पाणी ९ धरा, येतं साधारण ०.३३७५. वाळूत सिलिका ९२, अॅल्युमिना ५, फेरिक ऑक्साइड १, चुना २, येतं ०.२६३. म्हणजे जांभा वाळूच्या जवळपास दुप्पट. आणि हाच हिशोब ६६२ केईव्हीला केला तर तिन्ही माती ०.०७६५ ते ०.०७७५ च्या मध्ये बसतात, फरक जेमतेम एक टक्का, तोही जांभा सगळ्यात खाली.

एक अंदाज लक्षात ठेवा, फार कामाला येतो. ६० केईव्हीला वाळूतली १ टक्का सिलिका काढून तिथे १ टक्का फेरिक ऑक्साइड घातलं तर म्यू बाय रो साधारण अडीच टक्क्यांनी वाढतो. चुना घातला तर १ टक्का. चुनखडीच्या रूपात असेल तर अर्धा टक्का, कारण तिच्यासोबत हलका कार्बन डायऑक्साइड येतो. अॅल्युमिनाने काहीच होत नाही, उलट सुतभर कमी होतो. म्हणून एक्सआरएफवाल्याने लोहाचा आकडा किती खात्रीचा दिलाय हे विचारा, सिलिकाचा दोन टक्के इकडेतिकडे झाला तरी झोप लागेल.

हाताने केलेला हिशोब एक्सकॉमवर तपासा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांच्या सरकारी संस्थेचा हा डेटाबेस इंटरनेटवर फुकट आहे, मिश्रण निवडायचं, फॉर्म्युले आणि वाटे टाकायचे, आकडे मिळतात. यात तीन खड्डे आहेत. एनर्जी एमईव्हीमध्ये टाकायची असते, ५९.५ टाकलं तर तो निमूटपणे ५९.५ एमईव्हीचं उत्तर देतो, ०.०५९५ टाका. दुसरं, फॉर्म्युल्यात लहान-मोठी अक्षरं सांभाळा, नाहीतर कोबाल्टचा कार्बन मोनॉक्साइड होतो. तिसरं, एकूण अटेन्युएशनचे दोन कॉलम येतात, कोहेरंट स्कॅटरिंग (एनर्जी न घालवता फोटॉन नुसता वळतो ते) धरून आणि सोडून. तुमची मांडणी अरुंद बीमची, नीट कॉलिमेटरवाली (म्हणजे शिशातल्या बारीक भोकातून किरण सरळ नेणारी) असेल तर धरून घ्या. ६६२ ला दोन्हींत नगण्य फरक, ६० ला मात्र काही टक्क्यांचा पडतो.

वर ६० केईव्हीचे आकडे दिलेत, अमेरिशियमचा पीक ५९.५ ला असल्यामुळे खरे आकडे किंचित जास्त येतील, घाबरू नका.

डब्याची जाडी, जिथे बहुतेक प्रोजेक्ट मरतात

सोर्ससमोर २ सेंटिमीटर मातीचा डबा ठेवला, सीझियम लावला, रिकाम्या डब्याला एक लाख काउंट (डिटेक्टरने मोजलेले फोटॉन) घेतले. मातीचा लिनिअर म्यू (म्यू बाय रो गुणिले घनता, म्हणजे एका सेंटिमीटरमागचा आकडा) ०.१ धरला तर म्यू गुणिले जाडी झाली ०.२, पलीकडे पोचले साधारण ८१,९००. काउंटिंगची चूक म्हणजे काउंटचं वर्गमूळ, ती लॉगच्या हिशोबात घातली की ०.२ मध्ये ०.००४७, म्हणजे २.४ टक्के. आणि मातीमातीतला फरक किती शोधतोय आपण, एक टक्का. फूटपट्टीने केसाची जाडी मोजण्यातला प्रकार आहे हा.

तेच २० सेंटिमीटर माती ठेवली तर पलीकडे १३,५०० च येतील, कमी वाटतात, पण चूक अर्ध्या टक्क्याच्या खाली जाते. म्यू गुणिले जाडी २ च्या आसपास ठेवा, हा सोनाराचा काटा. ६० केईव्हीला काळ्या मातीसाठी त्याला साधारण ५ सेंटिमीटर लागतात, जांभ्याला ३ सुद्धा पुरे. ६६२ ला मात्र वीतभर माती लागते आणि त्यासाठी लांब डबा करून घ्यावा लागतो, मगाशी जास्त माती राखायला सांगितली ती यासाठी.

डबा अॅक्रिलिकचा, समोरच्या भिंती अगदी समांतर. इथे एक युक्ती, घनता आणि जाडी वेगवेगळी मोजत बसू नका. डब्याचं बीमसमोरचं आतलं क्षेत्रफळ माहीत आहे, मातीचं वजन माहीत आहे, वजन भागिले क्षेत्रफळ केलं की ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर थेट मिळतं, आणि म्यू बाय रोसाठी तेवढंच लागतं. फक्त माती सगळीकडे सारखी बसली पाहिजे, म्हणून थोडी थोडी घालून प्रत्येक थराला सारखेच ठोके द्या, जसं रव्याचा डबा भरताना आपटतो तसं. आणि डबा दोन-तीन जागी सरकवून मोजा, आकडे फार हलले तर आत पोकळी आहे.

मांडणी आणि डिटेक्टर

थॅलियम घातलेला सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर आणि मल्टिचॅनल अॅनालायझर (फोटॉन एनर्जीनुसार वेगवेगळ्या चॅनलमध्ये मोजणारं यंत्र), एवढं बहुतेक लॅबमध्ये असतं. ६६२ ला त्याचं रिझोल्यूशन ७-८ टक्के आलं म्हणजे तब्येत ठीक. चालू केल्यावर किमान अर्धा तास तापू द्या. दुपारी लाइट जाऊन आली की पीक दोन-चार चॅनल सरकलेला असतो, डिटेक्टरमधल्या फोटोमल्टिप्लायरचा (सिग्नल मोठा करणारी नळी) गेन व्होल्टेज आणि तापमान दोघांवरही नाचतो, त्यामुळे यूपीएस नसेल तर लाइट आल्यावर सगळं पहिल्यापासून.

सोर्सच्या पुढे एक आणि डिटेक्टरच्या पुढे एक अशी शिशाची कॉलिमेटर लावा, ४-५ मिलिमीटरचं भोक पुरे, माती दोघांच्या मधोमध. कॉलिमेटर नसेल तर मातीत विखुरलेले फोटॉन वळसा घालून परत डिटेक्टरमध्ये येतात, अटेन्युएशन कमी दिसतं आणि जाडी वाढवत गेलं की लॉगचा ग्राफ सरळ न जाता वर वाकतो. ग्राफ वाकला की समजायचं, माती नाही, मांडणी चुकली.

६० केईव्हीला शिशाचीच एक कटकट असते. शिसं स्वतः ७३, ७५ आणि ८५ केईव्हीचे एक्स-रे सोडतं, सोर्समध्ये त्याहून वरची एनर्जी असली की. नुसत्या अमेरिशियमला हा त्रास नाही, ५९.५ ने शिशाचं ८८ केईव्हीचं कुलूप उघडत नाही. पण त्याच टेबलावर सीझियम किंवा बेरियम उघडा पडला असेल तर पीकच्या उजव्या खांद्यावर फुगवटा येतो. आम्ही एक अख्खा आठवडा त्या फुगवट्याशी भांडलो, शेवटी कळलं की दुसऱ्या ग्रुपने सीझियम शेजारच्या कपाटात न ठेवता विटेआड ठेवला होता. एकावेळी एकच सोर्स बाहेर, बाकीचे शिशाच्या पेटीत.

सोर्सबद्दल थोडक्यात: हे सगळं परवाना असलेल्या लॅबमध्ये, रेडिएशन सेफ्टी बघणाऱ्या व्यक्तीला सांगून, टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा) लावून. भारतात हे सगळं एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, नियमांखाली येतं, एक्स-रे मशीनसुद्धा. सोर्स चिमट्याने उचलायचा, बोटाने नाही, आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. घरी करायचा प्रयोग नाही हा.

माती ठेवायच्या आधी अॅल्युमिनियम ठेवा

ही पायरी कोणी करत नाही आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. शुद्ध अॅल्युमिनियमचे पत्रे घ्या, जाडी वाढवत मोजा. ५९.५ ला ०.२८ च्या आसपास आणि ६६२ ला ०.०७५ च्या आसपास यायला हवं. एक-दोन टक्क्यांत आलं तर मांडणीवर भरवसा ठेवा. पाच टक्के चुकत असेल तर मातीला हात लावू नका, कॉलिमेटर सरळ रेषेत आहेत का बघा, पीकखालचा बॅकग्राउंड नीट वजा केलाय का बघा. भांड्यांच्या दुकानातला पत्रा घेऊ नका, त्यात इतर धातू मिसळलेले असतात, आणि ६० केईव्हीला एक टक्का लोहसुद्धा बोलतं हे आता तुम्हाला माहीत आहे.

मग माती. रिकामा डबा ठेवून काउंट, भरलेला ठेवून काउंट, परत रिकामा, परत भरलेला. रिकामा डबाच आपला मूळ आकडा, डब्याच्या भिंतींचा हिशोब आपोआप कटतो. आलटून पालटून घेतल्याने डिटेक्टर सरकला तरी दोघांवर सारखाच परिणाम होतो. सगळे काउंट नाही, फक्त पीकखालचं क्षेत्रफळ. आणि वेळ नाही, काउंट ठरवा, रिकाम्याला एक लाख होईपर्यंत थांबा, आणि त्याला जेवढा वेळ लागला तेवढाच भरलेल्यालाही द्या.

मोजलेला आणि हिशोबाचा आकडा ६० केईव्हीला तीन टक्क्यांत जुळला तर छान. मोजलेला कमी येत असेल तर बहुधा ओलावा शिरलाय, वजनात पाणी मोजलं गेलंय आणि पाण्याचा म्यू बाय रो इथे मातीपेक्षा कमी आहे. जास्त येत असेल तर लोह कमी धरलं गेलंय, एक्सआरएफला दिलेला नमुना आणि डब्यातला नमुना एकाच ढिगातले होते का ते आठवा. जांभ्यात तर लोहाच्या गोळ्या असतात, एक गोळी बीमच्या रेषेत आली की आकडा उडतो, म्हणून तो जास्तच बारीक करून घ्या.

आता पाणी घाला

शेतातली माती कोरडी कधी असते? वाफशावरच्या काळ्या मातीत एका घन सेंटिमीटरमध्ये समजा १.२ ग्रॅम माती आणि ०.३ ग्रॅम पाणी आहे. पाण्यात हायड्रोजन, आणि हायड्रोजन हा एकटाच पठ्ठ्या असा की त्याचे एका ग्रॅममधले इलेक्ट्रॉन इतरांच्या दुप्पट. म्हणून ६६२ ला पाण्याचा म्यू बाय रो ०.०८६, मातीच्या ०.०७७ पेक्षा जास्त. या मातीचा लिनिअर म्यू ६६२ ला १.२ गुणिले ०.०७७ अधिक ०.३ गुणिले ०.०८६, म्हणजे ०.११८२. ६० ला १.२ गुणिले ०.३३७५ अधिक ०.३ गुणिले ०.२०६, म्हणजे ०.४६६८.

उलटं बघा, हे दोन आकडे मोजून मिळाले तर दोन समीकरणं, दोन अज्ञात, घनता आणि ओलावा दोन्ही निघतात. माती उकरायची नाही, वाळवायची नाही, त्याच जागी रोज मोजा आणि पाणी कसं मुरतंय ते बघा. अमेरिशियम आणि सीझियम जोडीने वापरायची ही पद्धत सॉइल फिजिक्सवाले पूर्वीपासून वापरतात.

पण यात केमिस्ट्री कुठे लपलीये ते बघा. एका ग्रुपने एक्सआरएफचे पैसे वाचवायला काळ्या मातीसाठी वाळूचा ०.२६३ वापरला. म्हणाले, सर, माती ती माती. वरच्याच दोन आकड्यांत ते घालून समीकरणं सोडवा, घनता येते २.३४, वीट भाजून दाबली तरी येणार नाही एवढी, आणि ओलावा येतो उणे ०.७२. घन सेंटिमीटरमागे उणे पाऊण ग्रॅम पाणी! पोरांनी तीनदा कॅल्क्युलेटर बदलला. चूक कॅल्क्युलेटरची नव्हती, ११ टक्के फेरिक ऑक्साइडची आणि ६ टक्के चुन्याची होती. ६० केईव्हीला लोह आणि चुन्याने जे जास्तीचं अडवलं ते समीकरणाने मातीच्या नावावर टाकलं, मग ६६२ चा हिशोब जुळवायला पाणी शून्याच्या खाली ढकललं.

त्याच जागची कोरडी माती एकदा नीट मोजून तिचा स्वतःचा ६० केईव्हीचा म्यू बाय रो वापरला की हा गोंधळ होत नाही, मग एक्सआरएफ नसलं तरी निभतं. पुस्तकातला आकडा वापरायचा नाही एवढंच.

एक्स-रे ट्यूब किंवा सीटी स्कॅनवर करणाऱ्यांसाठी

तुमच्याकडे एकच एनर्जी नसते, अख्खा पट्टा असतो, आणि १०० केव्हीच्या (किलोव्होल्ट) ट्यूबची सरासरी एनर्जी साधारण त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे नेमकी लोह बोलतं त्या भागात. वर बीम मातीतून जाताना कमी एनर्जीचे फोटॉन आधी गळतात, त्यामुळे नमुन्याची कड उजळ आणि मध्य गडद दिसतो, जांभ्यात हे जास्तच. सोर्सपुढे तांब्याचा पातळ पत्रा लावला की बराच फरक पडतो. चित्रात पांढरे ठिपके दिसले की विद्यार्थी लगेच "इथे माती घट्ट दबलीये" असं लिहून मोकळे होतात, ते ठिपके बहुतेक लोहाच्या गोळ्या किंवा चुनखडी असतात. खात्री करायची तर तोच नमुना दोन वेगळ्या केव्हीवर स्कॅन करा, नुसती घनता जास्त असेल तर ठिपक्याचं आणि आजूबाजूच्या मातीचं गुणोत्तर दोन्हीकडे तेच राहतं, लोह असेल तर कमी केव्हीला ते वाढतं. नमुना फोडून सुईने तो ठिपका बाहेर काढला आणि घासला की पांढऱ्या टाइलवर लाल-पिवळसर रेघ उठते, ती बघितल्यावर वाद घालायला कोणी उरत नाही.